तुमचे काम मला शिकवा

'निवृत्त होऊन गावी आलात, आता दिवसभर करता तरी काय?' हा प्रश्न मुंबईचे नातेवाईक विचारतात, मुले फोनवर विचारतात आणि या सदराचे वाचकही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात दोनच चित्रे असतात. एक तर आम्ही झोपाळ्यावर बसून खाडीचा वारा खात आहोत, नाहीतर बंद घरांच्या मोहल्ल्यात मुलांच्या फोनची वाट पाहत आहोत. दोन्ही थोडी थोडी खरी आहेत. वाराही खातो आणि फोनचीही वाट पाहतो. पण आमचा आठवडा भरतो तो वेगळ्याच गोष्टीने, आणि ती गोष्ट प्रत्येक घरातल्या म्हातारा-म्हातारीला सांगावी असे वाटते म्हणून या वेळी आठवडाच लिहून काढत आहोत.

आमचे गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. मोहल्ल्यातली निम्मी घरे कुलूपबंद आहेत; कोणी मुंब्र्याला, कोणी कुवेतला, कोणी दुबईला. आमच्यापैकी एकजण टपाल खात्यातून निवृत्त झालेले पोस्टमास्तर. दुसरीने चाळीस वर्षे घर चालवले, तिची निवृत्ती कोणत्याच खात्यात लिहिलेली नाही. मजकूर दोघे मिळून लिहितो म्हणून 'आम्ही'; पण कोण काय करतो हे कळावे यासाठी इथे एकाला पोस्टमास्तर आणि दुसरीला बीबी म्हणू.

मागच्या वर्षी पलीकडच्या वाडीतल्या एका खालाचे यजमान वारले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. माणूस भला होता, व्यवहाराला चोख होता, आणि सगळा व्यवहार त्याच्या एकट्याच्या डोक्यात होता. पेन्शन कोणत्या बँकेत येते, घराची पट्टी कोणाच्या नावाने निघते, डोंगरउतारावरची कलमे कोणत्या गट नंबरात आहेत, कोणाला उसने दिलेत आणि कोणाचे घेतलेत, यातले खालाला काहीही ठाऊक नव्हते. ती इद्दतीत बसली आणि तिच्यासमोर कागद येऊ लागले. पुतणे बोट ठेवतील तिथे ती सही करत होती. एक दिवस तिने बीबीला बोलावून एक कागद पुढे केला, 'बघ गं, यात काय लिहिलंय?' बीबी सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. मराठी बोलण्यात कोणाला हार जाणार नाही, पण सरकारी मराठीचा छापील कागद वाचणे ही निराळी गोष्ट. तो कागद हक्कसोडपत्राचा मसुदा होता, हे पोस्टमास्तरांनी वाचल्यावर कळले. सही व्हायची होती म्हणून निभावले.

त्या रात्री इशाची नमाज झाल्यावर बीबी म्हणाली, 'अहो, तुमचे काम मला शिकवा.'

पोस्टमास्तर म्हणाले, 'मग तुझे काम मी शिकतो. तू आधी गेलीस तर मी दुसऱ्या दिवशी खाणार काय?'

बोलणे हसण्यावारी गेले नाही. आमच्यापैकी कोणीतरी एक आधी जाणार आहे. कोण ते अल्लाहलाच माहीत. मागे राहील त्याच्या हाताला दुसऱ्याचे काम आले पाहिजे, एवढ्यावर आमची शाळा सुरू झाली. विद्यार्थी दोन, शिक्षकही तेच दोन.

शनिवार: उकड

आठवडा आम्ही शनिवारपासून धरतो, कारण जुमा हा त्याचा शेवट. शनिवारी स्वयंपाकघर पोस्टमास्तरांचे. बीबी दाराजवळच्या पाटावर बसते, हात लावत नाही, फक्त बोलते. ही अट तिचीच, आणि ती पाळणे तिला किती जड जाते ते तिच्या तोंडावर दिसते.

कोकणात तांदळाची भाकरी आली म्हणजे अर्धा स्वयंपाक आला. वाटीभर पाण्याला वाटीभर पीठ. पाण्याला मीठ घालून खळखळून उकळी येऊ द्यायची, पीठ ओतायचे, कलथ्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवायचे आणि गॅस बंद. ही उकड परातीत काढून गरम असतानाच मळावी लागते. इथे पोस्टमास्तरांचा हात मागे येतो. गार झाल्यावर मळले तर भाकरीच्या कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, मग थेट जाळावर. फुगली की समजायचे, उकड जमली होती. तीस वर्षे टपालावर शिक्के मारलेल्या हातांना गोल थापणे लवकर जमले, गरम सोसणे उशिरा.

बीबीला 'अंदाजे' हा शब्द वापरायला बंदी आहे. पोस्टमास्तर वही घेऊन बसतात. 'मीठ अंदाजे' म्हटले की विचारतात, 'किती चमचे?' तिलाही प्रथमच मोजून बघावे लागले. कुळथाच्या पिठल्याला पीठ किती, बांगड्याच्या कालवणाला आमसुले किती, तिरफळे कधी घालायची आणि ती खायची नसतात हे पाहुण्याला कधी सांगायचे, सगळे आता वहीत आहे. सून मुंबईहून आली की ती वही आधी मागते.

मोहल्ल्यातले काही जण हसतात. 'चाचा, या वयात चूल?' हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले होते की प्रेषित (स.) घरात काय करत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे. ज्यांना हसायचे त्यांनी ती वाचून मग हसावे.

रविवारचे सांगण्यासारखे काही नाही. मुलांचे फोन, नातवंडांचे फोन, दुपारी झोप.

सोमवार: कागद

सोमवारी बीबीची परीक्षा. सकाळी दहाला ओटीवर पत्र्याची पेटी येते, चष्मा येतो, आणि पोस्टमास्तर दाराजवळच्या पाटावर बसतात. हात लावायचा नाही, ही अट इथेही तीच.

पहिले तीन महिने नुसते वाचन. जोडाक्षरांनी फार छळले. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही अक्षरे तिला आधी चित्रेच वाटत. पण मग एक गंमत झाली. सातबाऱ्यावरचा आणि फेरफारातला एकेक शब्द ती मोठ्याने वाचू लागली तसे ते शब्द तिच्या ओळखीचे निघू लागले. वारस. हक्क. कब्जा. अर्ज. दाखल. नक्कल. तारीख. तहसील. मयत. 'अहो, हे तर सगळे आमचेच शब्द आहेत!' अरबी-फारसीतून आलेले हे शब्द तिने उर्दू शाळेत उजवीकडून डावीकडे वाचले होते, आता डावीकडून उजवीकडे वाचत होती. सरकारी मराठीला घाबरणाऱ्या आपल्या उर्दू शिकलेल्या बहिणींना आम्ही मुद्दाम सांगतो की त्या भाषेतला बराच ऐवज तुमच्या घरातूनच गेलेला आहे. अडते ती फक्त लिपी, आणि लिपी सहा महिन्यांत येते.

आता तिला येते ते असे. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 एकत्र. वरच्या भागात जमीन कोणाची, खालच्या भागात पीक कोणते. एका माणसाच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते 8-अ वर दिसते. मालकीत बदल झाला की त्याची नोंद फेरफारात, म्हणजे नमुना 6 मध्ये. खातेदार वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कळवायचे असते. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे. सगळ्या म्हणजे सगळ्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींचीसुद्धा. नोंद मंजूर होण्यापूर्वी नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. त्या पंधरा दिवसांत नोटीस वाचता येणारे कोणीतरी घरात हवे. खालाच्या घरात नव्हते.

मग पेन्शनचे कागद. पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, हे पेटीतले सर्वांत मोलाचे पान. त्यावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे की नाही, ते आधार कार्डाशी जुळते की नाही, हे माणूस जिवंत असतानाच पाहून घ्यावे. आपल्याकडे निकाहनाम्यात एक नाव, शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि आधारवर तिसरे, हा प्रकार घरोघरी आहे. केंद्र सरकारच्या नोकरांच्या बाबतीत कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के असते. पेन्शनचे खाते पती-पत्नीचे संयुक्त असेल आणि पीपीओवर पत्नीचे नाव असेल, तर त्याच खात्यात ते पुढे चालू राहू शकते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो आणि टपाल खात्याच्या बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही करून देतो. या वर्षी पोस्टमास्तरांचा दाखला बीबीने स्वतः मोबाइलवर काढला. 'डोळे मिटा, उघडा,' असे ती सांगत होती आणि ते मिटत-उघडत होते.

'नॉमिनी' या शब्दाबद्दल आपल्या समाजात मोठा गैरसमज आहे म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. खात्यावर एका मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले म्हणजे पैसे त्याचे झाले, असे पुष्कळजण धरून चालतात. बँकेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार नॉमिनीला मिळतो. ती कोणाची हे ठरते वारसा कायद्याने. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितले. म्हणजे नॉमिनी हा अमानतदार. अमानत आपल्या धर्मात किती भारी वस्तू आहे हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

चाळीस गुंठे

शनिवारी आमच्याकडे 'वाटप' म्हणजे पाट्यावर वाटलेले ओले खोबरे. सोमवारी त्या शब्दाचा अर्थ बदलतो.

आम्हाला दोन मुलगे, एक मुलगी. पोस्टमास्तरांच्या नावावर वडिलोपार्जित जमीन आहे, त्यातला एक तुकडा नेमका एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. हिशेब समजावून सांगायला यापेक्षा सोयीचा आकडा नाही. सूरह निसाच्या अकराव्या-बाराव्या आयतीत हिस्से ठरवून दिलेले आहेत. पोस्टमास्तर आधी गेले तर मुले असल्यामुळे पत्नीचा आठवा हिस्सा: पाच गुंठे. उरले पस्तीस. मुलाला दोन, मुलीला एक या प्रमाणात त्याचे पाच भाग: प्रत्येक मुलाला चौदा, मुलीला सात. पाच, चौदा, चौदा, सात, झाले चाळीस. बीबी आधी गेली तर तिच्या स्वतःच्या मालमत्तेत पतीचा हिस्सा चौथा. समजा वीस तोळे सोने आहे (समजा म्हटले आहे, चोरांनी दखल घेऊ नये), तर पतीला पाच तोळे, मुलांना सहा-सहा, मुलीला तीन. आमच्या दोघांचेही आई-वडील हयात नाहीत म्हणून हिशेब इतका सरळ झाला. आई किंवा वडील जिवंत असते तर त्यांचा सहावा-सहावा हिस्सा आधी निघाला असता.

हे सगळे वाटायच्या आधी तीन गोष्टी: कफन-दफनाचा खर्च, कर्जाची फेड, आणि वसियत असेल तर ती. न दिलेला मेहर हेही कर्जच. बीबीचा मेहर निकाहच्या वेळीच अदा झाला होता, तरी तशी ओळ आम्ही लिहून सही करून ठेवली आहे. न लिहिली तर मागच्यांना कसे कळणार? वसियत एक तृतीयांशाच्या वर जात नाही आणि वारसाच्या नावे, इतर वारसांच्या संमतीशिवाय, चालत नाही. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना आपला सगळा माल दान करायला निघाले होते, प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. ज्याच्याजवळ वसियत करण्यासारखे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, अशी शिकवण आहे. आपल्यातल्या सत्तरीच्या किती माणसांनी ती लिहिली आहे, हे ज्याने त्याने आपल्या मोहल्ल्यात मोजून पाहावे.

मोहल्ल्यात आम्हाला आणखी एक गोष्ट दिसते आणि ती बोलायला कोणी तयार नसते. नमाज-रोज्याच्या बाबतीत काटेकोर असलेली घरेसुद्धा मुलीच्या सात गुंठ्यांपाशी आली की 'आमच्यात तशी पद्धत नाही' म्हणतात. भावाने वर्षाला आंब्याच्या दोन पेट्या पाठवल्या की बहिणीचा हिस्सा मिळाला! आठवा हिस्सा, सातवा गुंठा हे माणसांनी बसून ठरवलेले नाही. ज्यांनी ठरवलेले नाही त्यांनी ते मोडण्याची पद्धत कुठून आणली?

मंगळवार: बाजार

मंगळवारी दापोली. बँकेचे काम बीबी करते आणि पोस्टमास्तर बाकावर बसून पेपर वाचतात. पैसे काढण्याची चिठ्ठी, पासबुकाची छपाई, एटीएम. सुरुवातीला खिडकीपलीकडचा माणूस तिच्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचा. ते पेपर तोंडापुढे धरत. आता तिलाच उत्तर देतो.

संध्याकाळी जमले तर हर्णै बंदर. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, तिथे बोली लावण्याइतके आम्ही मोठे नाही, पण कडेला बसलेल्या कोळणींकडून घरापुरते मिळते. इथे शिक्षक बदलतो. कल्ले उघडून बघा, लाल हवेत. डोळा फुगीर आणि चमकणारा हवा, आत गेलेला नको. बोटाने दाबा, खड्डा भरून यायला हवा. आणि भाव ऐकल्यावर लगेच हो म्हणू नका. पहिल्या तीन गोष्टी पोस्टमास्तरांना आल्या. चौथी येईल असे दिसत नाही.

बुधवार: उलटा धडा

बुधवारी उर्दू. पोस्टमास्तर मराठी शाळेत शिकले. लहानपणी कुरआन नाजिरा वाचले असल्यामुळे अरबी अक्षरे ओळखतात. त्यांना वाटले, आता उर्दूला वेळ तो काय लागणार? पण कुरआनात प्रत्येक अक्षराला जेर, जबर, पेश दिलेले असतात. उर्दूच्या पत्रात ते कोणी देत नाही. शब्द माहीत असेल तरच वाचता येतो. शिवाय कुरआनातली नस्ख लिपी सरळ ओळीत बसते आणि उर्दूची नस्तालीक तिरकी उतरते, शब्द एकमेकांच्या खांद्यावर चढतात. 'ज'च्या आवाजाची चार अक्षरे, जाल, जे, जाद आणि जोय. कानाला फरक नाही, डोळ्याने लक्षात ठेवायची. पे, चे, टे, गाफ ही तर अरबीत नाहीतच.

एवढी खटपट कशासाठी, तर त्याच पत्र्याच्या पेटीत तळाशी बीबीच्या आईची पत्रे आहेत. चाळीस-पन्नास असतील. लग्नानंतर मुंबईच्या खोलीवर येत असत. पोस्टमास्तरांनी स्वतः त्यांवरचे शिक्के पाहिले, कधी कधी स्वतः आणून दिली, पण आत काय आहे ते कधी वाचू शकले नाहीत. बीबी वाचून जेवढे सांगेल तेवढे. आता तिची नजर अधू होत चालली आहे; एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे व्हायचे आहे. फिकट शाईची ती पत्रे तिला दिव्याखालीही लागत नाहीत. म्हणून ते वाचतात, अडखळत, एका बुधवारी एक पत्र.

मागच्या बुधवारचे पत्र पावसाळ्यातले होते. छप्पर गळते, म्हशीने दूध कमी केले, आणि जावईबापूंना सांग की पोरीला फार बोलू नका, ती लहान आहे. इथे पोस्टमास्तर थांबले. 'हे तू मला कधी सांगितले नव्हतेस.'

'तुम्हाला वाचता येत नव्हते ना,' बीबी म्हणाली.

त्या दिवशी धडा तेवढाच झाला.

रात्री इशानंतर अंगणात चटई टाकतो. नोव्हेंबरमध्ये आभाळ धुतल्यासारखे असते आणि आमच्याकडे अजून रस्त्याचे दिवे कमी, तेवढाच एक फायदा. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, त्याच्या मागोमाग लालसर रोहिणी. रोहिणीला इंग्रजी पुस्तकात अल्डेबरान म्हणतात. ते मूळ अरबी 'अद-दबरान', म्हणजे पाठोपाठ येणारा. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी 964 च्या सुमारास ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. आज जगभर वापरली जाणारी कितीतरी ताऱ्यांची नावे अरबीच आहेत. मृगाच्या पायाशी चमकणारा रायजेल म्हणजे 'रिज्ल', पाय. आमच्या गावातले भात लावणारे शेतकरी मृग आणि आर्द्रा मोजतात ते पावसासाठी, आम्ही बघतो ते नुसत्या आवडीने. मात्र इस्लामी महिन्याची एकोणतिसावी तारीख असली की मगरिबला अर्धा मोहल्ला, म्हणजे उरलेली अकरा माणसे, खाडीच्या बांधावर पश्चिमेकडे तोंड करून उभी असतात. सूरह यासीनमध्ये चंद्राच्या कलेला खजुरीच्या जुन्या वाकड्या देठाची उपमा आहे. आमच्याकडे खजुरी नाही; माडाची वाळलेली कातरी पाहिली की ती उपमा समजते.

गुरुवार आणि जुमा

गुरुवार बागेचा. बागेविषयी या सदरात पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून एवढेच की पावटा आणि कुळीथ भाताच्या ओलीवर पेरून झाले आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आणलेले 'रत्ना' आंब्याचे कलम, नीलम आणि हापूस यांच्या संकरातले, यंदा पहिल्यांदा मोहोर धरील असे दिसते. भातकापणीला पलीकडच्या वाडीतल्या वहिनी आणि त्यांचे दोन मुलगे आले होते. त्यांच्या सातबाऱ्यावर सासऱ्यांचे नाव अजून तसेच आहे हे बोलता बोलता निघाले. बीबीने हात धुऊन त्यांना ओटीवर बसवले आणि वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा ते सांगितले. पोस्टमास्तर आत चहा करत होते.

असरनंतर कब्रस्तान. आमच्याकडे कब्रीवर नावे लिहिण्याची फारशी रीत नाही. कुठे कोण झोपले आहे हे जुन्या माणसांना ठाऊक असते आणि जुनी माणसे आता तिथेच जात आहेत.

जुम्याला सकाळी गुस्ल, नवे कपडे, सूरह कहफचे वाचन. मशिदीतून आल्यावर जेवण, आणि जेवणानंतर ती वही काढतो जिच्यात सगळे एका जागी लिहिले आहे: पीपीओचा नंबर, बँकेची खाती, गट नंबर, कोणाची अमानत आपल्याकडे आहे, कोणाकडे आपले येणे आहे, राहिलेल्या रोज्यांचा फिदिया, यंदाची जकात दिली की नाही. आठवड्यात काही बदलले असेल तर नोंद करतो. एक बाजू मराठीत, एक उर्दूत. मराठी बाजू आता बीबी लिहिते, उर्दू पोस्टमास्तर. अक्षर दोघांचेही वाईट आहे.

या जुम्याला मुलीचा फोन आला तेव्हा तिला चाळीस गुंठ्यांचा हिशेब वाचून दाखवला. ती पुण्याला असते, घरचे बरे आहे. म्हणाली, 'अम्मी, माझे सात गुंठे मी भावांना देऊन टाकते. मला काय करायचे आहेत? उगाच वाईटपणा.'

बीबी म्हणाली, 'आम्ही अजून जिवंत आहोत. जे तुझे झालेच नाही ते देतेस काय? आधी सातबाऱ्यावर तुझे नाव लागू दे. मग द्यायचे तर दे, नाही तर तिथे माड लाव.'

फोनवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मुलीने विचारले, 'भाऊंना सांगितलेत का हे?' थोरल्याला सांगितले आहे. धाकटा डिसेंबरच्या सुट्टीत येणार आहे, तेव्हा तिघांनाही एकत्र बोलावले आहे. थोरल्याने फोनवर हूं एवढेच म्हटले. त्या हूंचा अर्थ डिसेंबरात कळेल.